अंग का आंबते? भरतीच्या मैदानावरील एक जुना गैरसमज

जालना, प्रतिनिधी

पोलीस भरतीची चाहूल लागली की जालना जिल्ह्यातील मैदाने पहाटेच जागी होतात. जालना शहरात, अंबडला, भोकरदनला, परतूरला, मंठ्याला उजाडण्यापूर्वीच तरुण-तरुणींचे जथे धावताना दिसू लागतात. राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ३ आणि पोलीस प्रशिक्षण केंद्र या दोन्ही संस्था ज्या शहरात आहेत, तेथे खाकी वर्दीचे आकर्षण असावे यात नवल नाही. पहिल्या दिवशी उत्साह दांडगा असतो. कोणी एका दमात दोनशे बैठका मारतो, कोणी टेकडी चढून पळत खाली येतो, कोणी बेडूकउड्यांनी मैदानाची फेरी पुरी करतो. त्या रात्री झोपही छान लागते. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सुरू होते. जिना उतरताना पाय लटपटतात, खाली बसायचे तर भिंतीचा आधार घ्यावा लागतो आणि तिसऱ्या दिवशी मांडीला हात लावला तरी कळ येते.

‘अंग आंबले’ असे आपण म्हणतो. त्यावर मैदानावरचा ठरलेला सल्ला असा, की अंग आंबल्याशिवाय बनत नाही, तेव्हा थांबू नकोस, आणखी जोर काढ. हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. व्यायामशाळेत पैसे भरून जाणारा शहरी नोकरदारही तो ऐकतो आणि दुखले नाही तर व्यायाम वाया गेला, असे मानतो. गेल्या शतकभरात शरीरशास्त्रज्ञांनी या दुखण्याचा जो अभ्यास केला आहे, त्यातून मात्र वेगळे चित्र समोर येते. हे दुखणे कशाने होते, व्यायामाचा जोर वाढविल्याने अधिक होते की संख्या वाढविल्याने, आणि त्याचा ताकद वाढण्याशी खरोखर किती संबंध आहे, हे समजून घेतले तर भरतीची तयारी करणाऱ्यांचे पुष्कळ नुकसान टळू शकते.

पणाला काय लागलेले असते?

२०२४ मध्ये राज्यात १७ हजार ४७१ पदांसाठी झालेल्या पोलीस भरतीत १९ जूनपासून मैदानी चाचण्या सुरू झाल्या. शिपाई पदासाठी मैदानी चाचणी ५० गुणांची होती. त्यात पुरुषांसाठी १६०० मीटर व महिलांसाठी ८०० मीटर धावणे २० गुणांचे, १०० मीटर धावणे १५ गुणांचे आणि गोळाफेक १५ गुणांची. राखीव दलासाठी हीच चाचणी १०० गुणांची आणि धावण्याचे अंतर ५ किलोमीटर. निम्मे गुण मिळाल्याशिवाय लेखी परीक्षेचे दार उघडत नाही आणि धावण्याचे गुण सेकंदांवर ठरतात. वर्षभर शेतात किंवा दुकानात काम करून उरलेल्या वेळात तयारी करणाऱ्या उमेदवाराच्या मांड्यांची ताकद ऐन चाचणीच्या दिवशी पंधरा-वीस टक्क्यांनी घटलेली असेल, तर त्याची संधी पुढच्या भरतीपर्यंत लांबते. वयोमर्यादा जवळ आली असेल तर कायमचीच हुकते. स्नायूंच्या दुखण्याचा विषय म्हणूनच केवळ वैद्यकीय कुतूहलाचा राहत नाही.

आंबट आम्लाचा आळ

आपल्या भाषेतला ‘आंबणे’ हा शब्द आणि एक शास्त्रीय समजूत यांची येथे गंमतीशीर गाठ पडली आहे. व्यायामात स्नायूंमध्ये लॅक्टिक आम्ल साचते आणि तेच दुसऱ्या दिवशी दुखते, असे कित्येक वर्षे सांगितले गेले. आजही अनेक प्रशिक्षक तेच सांगतात. वेगाने धावताना रक्तातील लॅक्टेटचे प्रमाण वाढते हे खरे, पण धावणे थांबल्यावर साधारण तासाभरात ते पूर्ववत होते. जे तासाभरात निघून जाते, ते दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी कसे दुखवेल?

१९८३ मध्ये अमेरिकी संशोधकांनी या समजुतीची थेट कसोटी घेतली. त्यांनी काही जणांना यांत्रिक पट्ट्यावर ४५ मिनिटे धावायला लावले, एकदा सपाटीवर आणि एकदा दहा टक्के उतारावर. सपाटीवर धावणाऱ्यांचे लॅक्टेट वाढले, पण नंतर अंग दुखले नाही. उतारावर धावणाऱ्यांचे लॅक्टेट वाढले नाही, मात्र पुढचे दोन दिवस त्यांचे पाय चांगलेच दुखले. आम्लाचा आळ तेथेच खोटा ठरला.

खरे तर याचा अंदाज त्याच्या ऐंशी वर्षे आधीच आलेला होता. थिओडोर हफ या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये बोटाच्या स्नायूंवर प्रयोग करून असे मांडले होते, की थकव्याचे तात्पुरते दुखणे वेगळे आणि दुसऱ्या दिवशी उपटणारे दुखणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात स्नायूच्या आत बारीक फाटाफूट होत असावी, असे त्याचे म्हणणे होते. पुढे १९८० च्या दशकाच्या प्रारंभी स्वीडनमधील यान फ्रिडेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना अनेक मजल्यांचे जिने वारंवार उतरायला लावून त्यांच्या पोटरीच्या स्नायूचे सूक्ष्म तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तंतूंची एरवी सरळ रेषेत असणारी जोडणी जागोजागी विस्कटलेली आढळली. हफचा तर्क बराचसा बरोबर होता.

चढताना दम, उतरताना दुखणे

उतारच का दुखवतो, हे समजण्यासाठी स्नायू दोन प्रकारे कसे काम करतात ते पाहू. विहिरीतून भरलेली घागर ओढून वर काढताना दंडाचा स्नायू आखडत जातो आणि जोर लावतो. तीच घागर दोर हळूहळू सोडत खाली उतरवताना तोच स्नायू जोर लावतोच, पण लांबत लांबत. पहिल्या प्रकाराला शास्त्रात कॉन्सेन्ट्रिक आणि दुसऱ्याला एक्सेन्ट्रिक आकुंचन म्हणतात. बैठकेत खाली जाताना, दंडात छाती जमिनीकडे नेताना, जिना उतरताना, उडी मारून जमिनीवर टेकताना आणि शंभर मीटर धावून झाल्यावर स्वतःला आवरताना स्नायू एक्सेन्ट्रिक काम करीत असतात. त्यांचे काम येथे ब्रेकचे असते.

हा ब्रेक मोठा कार्यक्षम आहे. १९५२ मध्ये इंग्लंडमधील अॅबट, बिगलँड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पेडल पुढे मारायचे आणि दुसऱ्याने ते नुसते रोखायचे. लहान चणीच्या स्त्रीने रोखण्याचे काम करून धडधाकट पुरुषाला सहज दमवले. रोखण्याला प्राणवायू फारच कमी लागतो, म्हणून दम लागत नाही. शिवाय लांबत जाणारा स्नायू त्याच्या एरवीच्या कमाल जोरापेक्षाही अधिक भार पेलू शकतो.

पण याच स्वस्ताईत खोच आहे. तेवढाच भार उतरवताना मेंदू कमी तंतूंना कामाला लावतो. पाच जणांचे ओझे दोघांनी उचलावे तसे प्रत्येक तंतूवर अधिक ताण येतो. स्नायूतंतू हा सार्कोमिअर नावाच्या अतिसूक्ष्म कड्यांची लांबच लांब साखळी असतो. सगळी कडी सारखी मजबूत नसतात. साखळी ताणली जात असता कमजोर कडी आधी लांबतात, लांबली की आणखी कमजोर होतात आणि शेवटी काही कडी निसटतात. ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड मॉर्गन यांनी १९९० मध्ये मांडलेली ही उपपत्ती आजही मोठ्या प्रमाणावर मानली जाते. निसटलेल्या कड्यांभोवती तंतूचे आवरण फाटते, आतले कॅल्शिअमचे संतुलन बिघडते, पेशींची साफसफाई व डागडुजी सुरू होते, सूज येते आणि वेदनेच्या मज्जातंतूंची संवेदनशीलता वाढते. या सगळ्याला वेळ लागतो. म्हणूनच दुखणे लगेच न येता काही तासांनी सुरू होते, एक ते तीन दिवसांत टोकाला जाते आणि साधारण आठवड्याभरात ओसरते.

यातली फसवणूक अशी, की टेकडी चढताना धाप लागते म्हणून माणूस थांबतो. उतरताना दम लागत नाही, त्यामुळे थांबण्याची सूचना शरीराकडून मिळतच नाही. अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या दर्शनाला जाणारे भाविक असोत की सह्याद्रीतले गड चढणारे पुण्या-मुंबईचे हौशी, सगळ्यांचा अनुभव सारखाच असतो. चढाईने दमवले तरी दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरणीमुळे.

जोर महत्त्वाचा की संख्या?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. नुकसान ठरते ते भाराच्या तीव्रतेवर की आवर्तनांच्या संख्येवर?

तीव्रतेचा परिणाम उघड आहे. या विषयातील नामवंत जपानी संशोधक काझुनोरी नोसाका आणि त्यांचे सहकारी न्यूटन यांनी २००२ मध्ये एकाच व्यक्तीच्या दोन हातांची तुलना केली. एका हाताने कमाल जोराने एक्सेन्ट्रिक आवर्तने केली, दुसऱ्याने सुमारे निम्म्या भाराने. संख्या सारखीच ठेवली होती. निम्म्या भाराच्या हाताचे नुकसान कमी झाले आणि तो लवकर सावरला. म्हणजे संख्या तीच असेल तर जोर जितका अधिक, तितकी हानी अधिक.

संख्येचाही परिणाम दिसतो. दहा-बारा आवर्तनांपेक्षा पन्नास-साठ आवर्तनांनी ताकद अधिक घटते आणि भरून यायला अधिक दिवस लागतात. मात्र हा हिशेब सरळ त्रैराशिकाचा नाही. पहिल्या काही आवर्तनांतच बरीच कमजोर कडी निसटून जातात. त्यापुढे संख्या दुप्पट केली म्हणून हानी दुप्पट होतेच असे नाही.

मग दोन्हींचा गुणाकार, म्हणजे एकूण काम, सारखे ठेवले तर? हा प्रश्न ग्रीसमधील वासिलिस पास्खालिस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तपासला. निरोगी तरुणांच्या मांडीच्या स्नायूंना एका वेळी कमाल जोराची आवर्तने दिली आणि दुसऱ्या वेळी निम्म्या जोराची, पण एकूण काम तेवढेच होईपर्यंत. दुखणे आणि स्नायूतून रक्तात झिरपणारे क्रिएटिन कायनेज हे द्रव्य, या दोन्ही बाबतींत फारसा फरक आढळला नाही. ताकद मात्र कमाल जोराच्या व्यायामानंतर अधिक घटली.

भरतीच्या उमेदवाराला यातून दोन गोष्टी घेता येतात. हलक्या व्यायामाची संख्या वाटेल तशी वाढवली तर तोही जड व्यायामाइतकाच दुखवू शकतो. ‘नुसत्या बैठका तर आहेत, वजन कोठे आहे’ असे म्हणून पहिल्याच दिवशी दोनशेचा आकडा गाठणे सुरक्षित नाही. आणि जड व्यायामाने दुखणे तितकेच झाले तरी धावण्या-फेकण्याची ताकद अधिक काळ खालावते. चाचणी तोंडावर असताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

जोर आणि संख्येच्या जोडीला तिसरी गोष्टही मोजावी लागते. स्नायू किती लांबीपर्यंत ताणला गेला, यावरही हानी अवलंबून असते. पूर्ण खाली जाणारी बैठक अर्ध्या बैठकेपेक्षा अधिक दुखवते ती यामुळेच. शिवाय पायांपेक्षा हातांचे स्नायू लवकर दुखावतात. पाय रोज जिने उतरतात, उतारावर चालतात, त्यांना सवय असते. हातांना तशी सवय नसते. पुरुषांचा ७.२६० किलोचा आणि महिलांचा ४ किलोचा गोळा प्रथमच हाती घेऊन त्याच दिवशी पन्नास-साठ फेकी करणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवलेले बरे.

दुखणे ही मोजपट्टी नव्हे

अंग जितके दुखेल तितका व्यायाम लागू पडला, या समजुतीला आधार सापडत नाही. नोसाका यांच्याच २००२ मधील एका मोठ्या पाहणीत काही जणांनी हाताची १२, काहींनी २४, तर काहींनी ६० कमाल जोराची आवर्तने केली. ताकदीतील घट, सूज, हालचालीवरील मर्यादा या बाबतींत गटागटांत फरक दिसला. दुखण्याची तीव्रता मात्र त्या प्रमाणात बदलली नाही. ज्याचे अधिक दुखले त्याचे नुकसान अधिक, किंवा ज्याचे कमी दुखले त्याचे कमी, असे म्हणता आले नाही.

याच्या दोन्ही बाजू लक्षात घ्याव्या लागतात. दुखले नाही म्हणून व्यायाम वाया जात नाही. सरावलेल्या खेळाडूचे अंग क्वचितच दुखते, तरी त्याची ताकद वाढत असते. उलट दुखणे थांबले म्हणून स्नायू पूर्ववत झाला असेही नाही. ताकद व्यायामानंतर लगेच घटते, दुखणे सुरू होण्याच्या आधीच. जबर व्यायामानंतर ती भरून यायला एक आठवडा, कधी दोन आठवडे आणि फारच अति झाले असेल तर त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. दुखणे पाचव्या दिवशी गेले आणि सहाव्या दिवशी चाचणी असली, तर उमेदवाराला आपण तंदुरुस्त आहोत असे वाटेल, पण घड्याळ वेगळेच सांगेल.

थोडक्याची लस

या संशोधनातील सर्वांत उपयोगी भाग यापुढचा आहे. १९८८ मध्ये अमेरिकेतील प्रिसिला क्लार्कसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने काही तरुणींच्या एका हाताला ७० कमाल आवर्तने दिली. अपेक्षेप्रमाणे हात चांगलाच दुखावला. दुसऱ्या हाताला आधी फक्त २४ आवर्तने दिली. किरकोळ त्रास झाला. दोन आठवड्यांनी त्याच हाताला पूर्ण ७० दिली, तर पहिल्या हाताच्या मानाने नुकसान कितीतरी कमी झाले. थोडक्या व्यायामाने जणू लस टोचली गेली होती. पुढच्या अभ्यासांत तर कमाल ताकदीच्या अवघ्या दहा टक्के भाराची आवर्तनेही काही प्रमाणात संरक्षण देतात असे दिसले.

हे संरक्षण कायमचे नसते. २००१ मधील एका अभ्यासानुसार ते सहा महिन्यांपर्यंत काही अंशी टिकते, पण नऊ महिने ते वर्षभरात ओसरते. मागच्या भरतीत उतरलेला उमेदवार वर्ष-दीड वर्षाच्या खंडानंतर ‘मला सवय आहे’ म्हणत पूर्वीच्याच आकड्यावरून सुरुवात करतो, तेव्हा त्याचे शरीर मात्र नवशिक्याचे झालेले असते.

आपल्या तालमींना हे तत्त्व प्रयोगशाळेविना ठाऊक होते. डिसेंबर २०१८ मध्ये जालन्यात झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत बाला रफिक शेख यांनी अभिजित कटके यांच्यावर मात करून गदा पटकावली, तेव्हा मल्लांच्या मांड्या पाहून थक्क झालेल्या पोरांनी घरी जाऊन बैठका सुरू केल्या असतील. मल्लांचा हजार बैठकांचा आकडा सर्वांना पाठ असतो. त्या हजारांपर्यंत पोचायला लागलेली वर्षे कोणी मोजत नाही. चांगला वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी मोजक्याच बैठका देतो आणि आठवड्या-आठवड्याने संख्या चढवत नेतो. घनसावंगी तालुक्यातील जांब येथे १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांविषयी परंपरा सांगते की ते रोज बाराशे सूर्यनमस्कार घालीत. तेथेही आकडा लक्षात राहिला आणि नित्यनेम विसरला गेला. सूर्यनमस्काराच्या प्रत्येक आवर्तनात शरीर हातांवर तोलून खाली न्यावे लागते. बाराव्या वर्षापासून रोज घालणाऱ्याला ते झेपते, आज सुरुवात करणाऱ्याला नव्हे.

धोक्याची खूण

बहुतेकांचे दुखणे आपोआप बरे होते आणि स्नायू पहिल्यापेक्षा चिवट होऊन उभा राहतो. क्वचित प्रसंगी मात्र नुकसान इतके मोठे असते की स्नायूतंतूंतील द्रव्ये मोठ्या प्रमाणावर रक्तात उतरतात. या विकाराला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्बवर्षाव होत असताना ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या माणसांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ मध्ये नोंदवले. त्यामागेही मोडलेल्या स्नायूंतून निघालेले मायोग्लोबिनच होते. ढिगाऱ्याविना, केवळ अतिरेकी व्यायामानेही असे होऊ शकते. सवय नसलेल्या माणसाने एकाच दिवशी शेकडो बैठका मारणे हे त्याचे नेहमी आढळणारे कारण आहे.

लक्षणे ओळखणे अवघड नाही. दुखणे नेहमीपेक्षा फार तीव्र असते, स्नायू टणक व सुजलेले होतात, हातपाय उचलण्याची शक्ती जाते आणि लघवी काळ्या चहासारखी किंवा गडद तपकिरी होते. शेवटचे लक्षण दिसले तर एक तासही न दवडता रुग्णालय गाठावे. रक्तातील क्रिएटिन कायनेज तपासून निदान करता येते. एरवी दोनशेच्या आसपास असणारे हे प्रमाण पाच हजारांपुढे गेले तर मूत्रपिंडाचा धोका वाढतो. वेळीच शिरेतून सलाइन दिल्यास बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा धोका वाढतो. पारा चाळिशीपार गेलेला असताना कमी पाणी पिऊन केलेला व्यायाम मूत्रपिंडांवर दुहेरी भार टाकतो. त्यात वेदनाशामक गोळ्यांची भर पडली तर परिस्थिती अधिक बिघडते. दुखणे दडपून पळता यावे म्हणून चाचणीच्या आधी स्वतःच्या मनाने आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घेण्याची सवय घातक आहे. या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात, आणि नेमकी त्याच वेळी मूत्रपिंडाला त्याची सर्वाधिक गरज असते. नुकताच ताप येऊन गेलेल्यांनी, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि सिकलसेलचे वाहक असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच कठोर व्यायामाला हात घालावा.

तयारीचे वेळापत्रक

या सगळ्यातून उमेदवारांसाठी काय निष्पन्न होते? पहिला आठवडा हा ताकद वाढविण्याचा नसून स्नायूंना ओळख करून देण्याचा मानावा. उदाहरणादाखल, पहिल्या दिवशी दहा-दहा अर्ध्या बैठकांच्या दोन फेऱ्या पुरेत. मग तीन-चार दिवस त्याच स्नायूंना बैठकांपासून विश्रांती द्यावी. चालणे, हलके धावणे चालू ठेवता येते. त्यानंतर तीस, पुढच्या खेपेस चाळीस, अशी वाढ करावी आणि बैठकेची खोलीही हळूहळू वाढवावी. संख्या आणि भार एकाच दिवशी वाढवू नयेत. उतारावरचे धावणे, बेडूकउड्या, उंचावरून उड्या हे प्रकार तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून आणि थोडक्यात घ्यावेत. गोळ्याचा सराव दहा-बारा फेकींपासून सुरू करावा.

धावण्याचेही तसेच. १६०० मीटरमध्ये साधारण बाराशे ते चौदाशे पावले पडतात आणि प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू शरीराचा भार क्षणभर रोखतो. अंतर एकदम दुप्पट केले की रोखण्याचे कामही दुप्पट होते.

चाचणीची तारीख कळली की तिच्या आधीचे दहा दिवस कोणताही नवा किंवा जड व्यायाम सुरू करू नये. अखेरच्या आठवड्यात मित्राच्या सांगण्यावरून टेकडीवर पळायला जाणे म्हणजे पेरणी झालेल्या रानात नांगर घालण्यासारखे आहे. सवयीचे धावणे कमी प्रमाणात चालू ठेवावे, झोप पुरी करावी.

उपाय कोणते, किती?

दुखू लागल्यावर काय करावे, याबाबत अपेक्षा माफक ठेवाव्यात. व्यायामाआधी किंवा नंतर अंग ताणल्याने दुखणे टळते, असे सर्रास सांगितले जाते. कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये उपलब्ध प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा शंभर गुणांच्या मापावर जेमतेम एक-दोन गुणांचाही फरक पडत नसल्याचे आढळले. मालिशची बाजू त्या मानाने बरी आहे. २०१८ मध्ये अनेक अभ्यासांची बेरीज करणाऱ्या एका फ्रेंच पाहणीत दुखणे कमी करणाऱ्या उपायांत मालिश सर्वांत प्रभावी ठरले. तालमीतल्या तेलाच्या मालिशला एवढे तरी प्रशस्तिपत्र मिळाले. थंड पाण्यात पाय बुडवून बसल्यानेही काहीसा आराम पडतो. हलके चालल्याने चालत असेपर्यंत बरे वाटते. यांपैकी कोणताही उपाय निसटलेली कडी पुन्हा जोडत नाही. ते काम शरीर आपल्या गतीनेच करते.

उतरण्याचा फायदा

एक्सेन्ट्रिक व्यायाम टाळावा, असा याचा अर्थ नाही. उलट, कमी दमात अधिक ताकद देणारा म्हणून तो आज उपचारातही वापरला जातो. टाचेच्या जुनाट दुखण्यावर पायरीच्या कडेवरून टाच हळूहळू खाली नेण्याचा व्यायाम स्वीडनचे हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडला आणि तो जगभर रूढ झाला. २०१७ मध्ये तैवानमधील एका प्रयोगात स्थूल, वयस्क स्त्रियांच्या एका गटाने बारा आठवडे जिने फक्त चढले आणि दुसऱ्या गटाने फक्त उतरले. उतरणाऱ्यांची पायाची ताकद, हाडांची घनता आणि रक्तशर्करेवरील नियंत्रण अधिक सुधारले. त्यांनीही सुरुवात थोड्या मजल्यांपासून करून संख्या आठवड्यागणिक वाढवली होती. गुडघे बरे असतील तर शहरातल्या इमारतीत राहणाऱ्यांना वर जाताना लिफ्ट आणि खाली येताना जिना, हा सोपा व्यायाम करून पाहता येईल.

पहाटेच्या मैदानावर पुढच्या भरतीची तयारी करणाऱ्यांनी दुखण्याला बक्षीस मानू नये आणि त्याला घाबरूनही जाऊ नये. पहिल्या दिवशी वीस बैठकांवर थांबणारा उमेदवार मित्रांना आळशी वाटेल. पण चाचणीच्या दिवशी ताज्या पायांनी रेषेवर उभा राहण्याची शक्यता त्याचीच अधिक आहे.